पायगतीचा जिराफ : नुबियातील मृतांच्या पलंगांवरचे हस्तिदंती प्राणी

सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ रोजी सुरू झालेल्या युद्धाच्या बातम्या आपल्याकडच्या वृत्तपत्रांत आतल्या पानावर येतात आणि बहुधा तिथेच विरून जातात. त्यांतली एक बातमी खार्टुममधल्या सुदानच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या लुटीची होती. सप्टेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने या लुटीच्या वृत्तांबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली, आणि मार्च २०२५ मध्ये शहराचा मध्यभाग पुन्हा लष्कराच्या ताब्यात आल्यावर जी छायाचित्रे प्रसिद्ध झाली त्यांत दालने बहुतांशी रिकामी दिसत होती. या संग्रहालयात केर्मा नावाच्या एका फार जुन्या नगरातल्या वस्तू होत्या. केर्मा म्हणजे काय, तिथले लोक आपल्या मृतांना पलंगावर का निजवत, त्या पलंगाच्या फळीवर जिराफ आणि तरस कशासाठी बसवत, आणि बोटभर लांबीच्या त्या पांढऱ्या तुकड्यांना संशोधक एवढे महत्त्व का देतात, हे ठाऊक नसेल तर त्या बातमीतली हानी किती मोठी आहे ते कळणार नाही. या लेखात तेवढेच समजावून घ्यायचे आहे.

आधी नकाशा

नाईल नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. खार्टुमपासून दक्षिण इजिप्तमधल्या अस्वानपर्यंतच्या वाटेत तिच्या पात्रात ठिकठिकाणी ग्रॅनाइटसारख्या कठीण खडकांचे अडथळे आहेत, जिथे नावा सहज चालत नाहीत. त्यांना धावत्या म्हणतात आणि त्यांची मोजणी उत्तरेकडून केली जाते. अस्वानची पहिली धावती ही प्राचीन इजिप्तची पारंपरिक दक्षिण सीमा होती. तिच्या दक्षिणेस खार्टुमपर्यंत पसरलेला नदीकाठचा प्रदेश म्हणजे नुबिया. तिसऱ्या धावतीच्या किंचित दक्षिणेस, जिथे नदीकाठची शेतजमीन बरीच रुंद होते, तिथे केर्मा आहे.

इ.स.पू. २५०० च्या सुमारास या वस्तीची वाढ सुरू झाली आणि पुढे तिथे कुश नावाच्या राज्याची राजधानी उभी राहिली. इ.स.पू. १७५० ते १५०० हा या राज्याच्या भरभराटीचा काळ, आणि आपले हस्तिदंती प्राणी याच काळातले आहेत. नगराच्या मध्यभागी कच्च्या विटांचे एक अवाढव्य देवालय होते. त्याचे अवशेष आजही सुमारे १८ मीटर उंच आहेत, आणि स्थानिक लोक त्याला दफुफा म्हणतात. नगराच्या पूर्वेस काही किलोमीटरवर हजारो कबरींचे विस्तीर्ण दफनस्थान आहे. सामान्य कबरीवर मातीचे लहान गोल टेकाड असे, तर राजांच्या कबरींवरची टेकाडे सुमारे ९० मीटर व्यासाची होती.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवलेली बरी. केर्माच्या लोकांनी स्वतःचे लिखाण मागे ठेवलेले नाही. त्यांच्याविषयी जे काही लिहिलेले मिळते ते इजिप्तच्या लोकांनी लिहिलेले आहे, आणि इजिप्तचे शिलालेख कुशचा उल्लेख ‘नीच कुश’ असा करतात. शेजाऱ्याने भांडणाच्या भरात आपल्याविषयी जे लिहिले तेवढेच जगाकडे उरावे, तशी ही स्थिती आहे. म्हणून केर्माच्या लोकांची बाजू ऐकायची असेल तर त्यांच्या वस्तूंनाच विचारावे लागते.

जडावकाम म्हणजे नेमके काय

मिरजेत तयार झालेला तानपुरा जवळून पाहिला असेल तर दांडीच्या कडेने आणि भोपळ्याच्या जोडावर पांढरी वेलबुट्टी दिसली असेल. ती रंगवलेली नसते. लाकडात आकाराबरहुकूम उथळ खाच कोरून तिच्यात पांढऱ्या पदार्थाचा पातळ तुकडा पक्का बसवतात आणि पृष्ठभाग घासून सारखा करतात. हेच जडावकाम. मिरजेत पूर्वी यासाठी हस्तिदंत वापरत, आता प्लास्टिकवर भागवतात. भारताने आधी देशी आणि मग १९९१ पासून आयात केलेल्या हस्तिदंताच्या व्यापारावरही बंदी घातली, आणि त्याआधी १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारालाही लगाम घातला गेला होता.

केर्माच्या कारागिराची पद्धत तत्त्वतः हीच होती, मात्र त्याने वेलबुट्टी न काढता प्राणी काढले. हस्तिदंताच्या पातळ चकतीतून तो प्राण्याची फक्त बाह्याकृती कापून घेई आणि मग डोळा, कान, आयाळ, पायांचे सांधे अशा मोजक्या रेषा टोकदार हत्याराने वर कोरी. गडद लाकडावर ही पांढरी आकृती उठून दिसे. आकार लहान असल्यामुळे तपशील भरायला जागा नसे, त्यामुळे प्राणी ओळखू यावा ही सारी जबाबदारी बाह्यरेषेवर येई. तरसाची उतरती पाठ, शहामृगाची मान, जिराफाचे पुढचे उंच पाय यांत चूक केली तर बघणाऱ्याला काही कळणार नव्हते. केर्माच्या कारागिरांनी सहसा चूक केलेली नाही, आणि माझ्या मते हे प्राणी त्यांनी ऐकून काढलेले नाहीत, पाहून काढलेले आहेत, याचा त्या रेषांइतका चांगला पुरावा दुसरा नाही.

हस्तिदंत हत्तीचाच असतो का

मराठीत या पदार्थाचे नावच हस्तिदंत असल्यामुळे आपली इथे फसगत होते. प्राचीन वस्तूंच्या अभ्यासात हा शब्द सैलपणे वापरला जातो, आणि त्यात हत्तीच्या सुळ्याइतकाच पाणघोड्याचा दातही येतो. केर्माच्या दृष्टीने हा फरक बारीक नाही. पाणघोडा दाराशीच नाईलमध्ये डुंबत होता, तर हत्तीचा सुळा दक्षिणेकडच्या गवताळ प्रदेशातून आणावा लागे. तुकडा कोणत्या दाताचा आहे यावरून माल किती दुरून आला आणि कोणाच्या हातांतून आला, याचा अंदाज बांधता येतो.

हे दोन्ही पदार्थ मुळात एकच, म्हणजे दंतिन, दाताचा आतला घट्ट भाग. त्याचा साधारण दोन तृतीयांशाहून अधिक हिस्सा कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या खनिजाचा असतो आणि उरलेल्यात मुख्यतः कोलॅजेन नावाचे चिवट प्रथिन असते. सिमेंटच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या असतात तसे हे कोलॅजेन खनिजाला धरून ठेवते, म्हणूनच हस्तिदंत कोरताना दगडासारखा टवका उडत नाही आणि लाकडासारखा तंतूही निघत नाही. जमिनीत हजारो वर्षे पडल्यावर या सळ्या गंजून जाव्यात तसे कोलॅजेन नाहीसे होत जाते, आणि तुकडा कांद्याच्या पापुद्र्यांसारखा थराथरांनी सुटू लागतो. उत्खननात असा तुकडा घाईने उचलला तर हातात भुगाच येतो.

मग ओळख कशी पटवायची? हत्तीचा सुळा आडवा कापला तर छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते, चटईच्या विणीसारखी. बर्नहार्ड श्रेगर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८०० मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला श्रेगरच्या रेषा म्हणतात. पाणघोड्याच्या दातात ही जाळी नसते. त्यात कडेला समांतर जाणाऱ्या, किंचित थरथरत्या बारीक रेषा असतात, मध्यभागी एक शिवणीसारखी खूण असते, आणि बाहेरून दातावर इतके कठीण कवच असते की ते घासून काढल्याशिवाय कोरकाम सुरूच करता येत नाही. एवढा त्रास पत्करण्याचे कारणही आहे. पाणघोड्याचा दात अधिक घट्ट आणि अधिक शुभ्र असतो, आणि तो हत्तीच्या सुळ्याइतका पिवळा पडत नाही. साध्या हाडात यांपैकी काहीच नसते. त्यात रक्तवाहिन्यांच्या मार्गाची सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रे दिसतात. अलीकडे चिमूटभर चुऱ्यातल्या प्रथिनांची तपासणी करूनही प्राणी ओळखता येतो, पण प्रत्येक तुकड्यातून तेवढाही चुरा काढू देण्यास संग्रहालये राजी नसतात, आणि ते योग्यच आहे.

खाटेवर निजलेले मृत

मराठी वाचकाला केर्माची खरी अडचण इथे येईल. आपल्याकडे प्राण जाण्याची वेळ आली की माणसाला खाटेवरून खाली घेण्याची रीत होती आणि अनेक घरांत अजून आहे. खाटेवर मरण येऊ नये, शेवटचा श्वास भुईवर जावा, अशी समजूत. केर्माच्या लोकांनी याच्या अगदी उलट केले. त्यांनी खाटच कबरीत उतरवली आणि मृताला तिच्यावर निजवले.

ही प्रथा पहिल्या दिवसापासून नव्हती. सर्वांत जुन्या कबरींत मृताला गुरांच्या कातड्यावर ठेवलेले असते. लाकडी पलंग नंतरच्या काळात येतात, आणि राज्याच्या भरभराटीच्या काळात संपन्न माणसाच्या कबरीत पलंग असणे ही ठरून गेलेली बाब होते. देह उजव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेला, डोके पूर्वेकडे आणि तोंड उत्तरेकडे असे. म्हणजे मृत माणूस आडवा ठेवलेला नसून झोपलेला आहे, असेच ते दृश्य दिसे. पलंगाचे पाय बैलाच्या पायांच्या आकाराचे कोरलेले असत. ज्या लोकांनी एकेका मोठ्या माणसाच्या कबरीभोवती गुरांची मुंडकी अर्धवर्तुळात मांडली, आणि एका कबरीपाशी तर ती ४,००० हून अधिक मांडली, त्यांच्या पलंगाने गुराच्या पायांवर उभे राहणे स्वाभाविकच होते.

आता या पलंगाची रचना पाहा, कारण सगळा मुद्दा तिथे येऊन थांबतो. आपल्या शिसवी पलंगाला उशाकडे उंच नक्षीदार फळी असते. नाईलच्या खोऱ्यातल्या जुन्या पलंगांना उशाकडे काही नसे. डोके टेकायला लाकडाची वेगळी घोडी असे, आणि उभी फळी असे ती पायगतीला. केर्माचे हस्तिदंती प्राणी बसवलेले असतात ते या पायगतीच्या फळीवर, ओळींनी, आणि पुष्कळदा एकच प्राणी एकामागे एक. निजलेल्या माणसाने डोळे उघडले असते तर समोर हीच फळी दिसली असती.

कोणते प्राणी, आणि कोणते नाहीत

सापडलेल्या आकृतींत सिंह, तरस, जिराफ, शहामृग, गिधाड, हरणे आणि रानबोकड आहेत, हत्ती आहे, आणि माशीसुद्धा आहे. माशीबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण ती इथे कशी आली असा प्रश्न पडतोच. केर्माच्या योद्ध्यांच्या कबरींत माशीच्या आकाराची मोठी पदके सापडतात. हाकलली तरी फिरून अंगावर येणारी माशी ही लढणाऱ्याच्या चिकाटीची खूण मानली जात असावी. पुढे इजिप्तमध्येही राजाकडून सोन्याची माशी मिळणे हा शौर्याचा सन्मान झाला, आणि राणी अहहोतेपच्या दफनात अशा तीन सुवर्णमाशा सापडल्या आहेत.

यादीकडे पुन्हा पाहिले तर लक्षात येते की यातले बहुतेक प्राणी रानातले आहेत. ज्या गुरांवर या समाजाचा सारा जीव होता, ज्यांच्या कातड्यावर आणि ज्यांच्या पायांवर मृत निजत होता, ती पायगतीच्या फळीवर मानाची जागा घेताना दिसत नाहीत. फळीवरचे जग गावकुसाबाहेरचे, आणि त्यातही दक्षिणेकडचे आहे. गाव आणि रान यांच्या मधल्या रेषेवर ही फळी उभी आहे, असे मला वाटते.

या रांगांत एक रहिवासी मात्र रानातला नाही. मागच्या दोन पायांवर उभी, पोट सुटलेली, पाणघोड्याच्या तोंडाची आणि हातात सुरा धरलेली ही मूर्ती म्हणजे इजिप्तची तावेरेत, बाळंतीण आणि तान्हे मूल यांचे रक्षण करणारी घरगुती देवता. आपल्याकडच्या सटवाईची आठवण व्हावी अशी तिची जागा आहे, निदान कामाच्या दृष्टीने. मोठमोठ्या देवळांत तिचा थाट नव्हता. ती असे बाळंतिणीच्या खोलीत. इजिप्तमध्ये याच सुमारास पाणघोड्याच्या दाताच्या वक्र पट्ट्या करून त्यांवर तावेरेत, सिंह, बेडूक, सुरा धरलेले प्राणी अशी मिरवणूक कोरत, आणि त्या पट्ट्या झोपलेल्या मुलाच्या रक्षणासाठी वापरत. झोप, जन्म आणि मृत्यू या तिन्ही वेळी माणूस बेसावध असतो, आणि बेसावध माणसाभोवती राखण हवी असते. केर्माने ही राखणदारीण बाळंतिणीच्या खोलीतून उचलली आणि मृताच्या पायगतीला उभी केली.

तिथेच जवळपास अभ्रकाच्या पातळ पत्र्यांतून कापलेले प्राणीही सापडतात. ते कातडी टोप्यांवर शिवलेले असत आणि कित्येकदा कवटीजवळच मिळाले. त्यांत एक पंख असलेला जिराफ आहे. पंखाचा सिंह, पंखाचा साप हे प्राणी इजिप्त आणि पश्चिम आशियात ठाऊक होते, पण जिराफाला पंख लावण्याचे धाडस केर्माचेच.

‘ही तर इजिप्तची नक्कल झाली!’

तावेरेत इजिप्तची, जडावकाम इजिप्तमध्येही होते, पलंगाचा घाट तिकडचा, मग यात नुबियाचे काय उरले, हा आक्षेप साहजिक आहे. तो नवाही नाही. केर्माचे पहिले मोठे उत्खनन करणाऱ्या माणसाचेच ते मत होते, आणि त्याची चूक कशी झाली हे पाहण्यासारखे आहे.

जॉर्ज रायझनर हे अमेरिकन पुरातत्त्वज्ञ. हार्वर्ड विद्यापीठ आणि बोस्टनचे ललितकला संग्रहालय यांच्या संयुक्त मोहिमेतर्फे त्यांनी १९१३ ते १९१६ या काळात केर्माचे दफनस्थान खणले. त्यांच्या शिस्तीबद्दल शंका घ्यायला जागा नाही. प्रत्येक कबरीला क्रमांक, प्रत्येक वस्तूची नोंद, छायाचित्रे, आराखडे, असे सारे त्यांनी केले. एका प्रचंड टेकाडात त्यांना इजिप्शियन मूर्ती सापडल्या. त्यांत मध्य इजिप्तमधल्या अस्यूतचा प्रांताधिपती हापीजेफा याच्या मूर्तीचे अवशेष होते आणि त्याची पत्नी सेन्नुवी हिची एक अप्रतिम मूर्ती होती. यावरून रायझनर यांनी निष्कर्ष काढला की केर्मा ही इजिप्तची वखार होती, हापीजेफा हा तिथला इजिप्शियन अधिकारी, आणि टेकाड त्याचेच. मग तीनशेहून अधिक माणसे बळी देऊन राजासोबत पुरली गेली, अशा कबरींचे काय? त्यांचे म्हणणे असे की इजिप्शियन माणसाला स्थानिक चालीप्रमाणे पुरले. हस्तिदंती प्राणी कोणाचे? इजिप्शियन कारागिरांच्या तालमीत झालेले.

या मांडणीच्या तळाशी त्या काळच्या पाश्चात्त्य विद्वानांचा एक ठाम समज होता, की नाईलच्या इतक्या दक्षिणेकडचे काळे लोक असे नगर, असे राज्य आणि असे कोरकाम स्वतः उभे करू शकत नाहीत. पुरावा या समजाच्या साच्यात बसवला गेला. हापीजेफाची स्वतःची भव्य कबर अस्यूतमध्ये खडकात कोरलेली उभी होती, ही अडचणही त्या साच्यात कशीबशी सामावून घेतली गेली.

पुढे गोष्टी उलगडत गेल्या. टेकाडातली मडकी आणि मुद्रा हापीजेफाच्या काळाच्या नव्हत्या, दोनेक शतकांनी अलीकडच्या होत्या. दफनस्थान उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत गेले होते. रायझनर यांनी दक्षिणेकडची अवाढव्य टेकाडे सर्वांत जुनी मानली होती, आणि उत्तरेकडच्या लहान कबरींत त्यांना ऱ्हास दिसला होता. क्रम नेमका उलटा निघाला. लहान कबरी आधीच्या आणि अवाढव्य टेकाडे शेवटची, म्हणजे ही कथा इजिप्शियन वखारीच्या ओहोटीची नव्हती, एका आफ्रिकी राज्याच्या चढत्या कमानीची होती. स्विस पुरातत्त्वज्ञ शार्ल बोने यांनी १९७७ पासून अनेक दशके तिथे काम करून तटबंदीचे नगर, देवालये, घरे आणि कार्यशाळा उजेडात आणल्या, तेव्हा तर वादाला जागाच राहिली नाही.

आणि त्या मूर्ती? त्या लुटून आणलेल्या होत्या. २००३ मध्ये दक्षिण इजिप्तमधल्या अल-काब इथल्या सोबेकनख्त या अधिकाऱ्याच्या कबरीत एक शिलालेख उजेडात आला. कुशने पुंत या तांबड्या समुद्राकडच्या देशातल्या आणि इतर दक्षिणेकडच्या लोकांना सोबत घेऊन इजिप्तवर स्वारी केल्याचे त्यात लिहिले आहे. सेन्नुवीबाई केर्माला आल्या त्या नवऱ्याच्या बदलीमुळे नव्हे, लुटीच्या मालातून आल्या.

आता जडावकामाकडे वळू. तंत्र आणि एखाददुसरी देवता उत्तरेकडून आली हे खरेच आहे. पण नक्कल करणारा सहसा मूळचे महत्त्वाचे तेवढे आधी उचलतो. केर्माने इजिप्तच्या बलाढ्य राजदेवतांना या फळीवर बोलावले नाही, लेख कोरले नाहीत, परलोकातल्या न्यायसभेचे दृश्य काढले नाही. घरगुती तावेरेत तेवढी निवडली आणि तिला जिराफ, तरस, शहामृगांच्या पंगतीला बसवले. प्राण्यांच्या अशाच रांगा केर्माच्या दफनस्थानातल्या प्रार्थनागृहांच्या भिंतींवरही रंगवलेल्या आहेत, आणि तिथे रंगीत झिलईच्या तुकड्यांनी जडवलेले मोठे सिंह होते. म्हणजे फळीवरची रांग सुटी कल्पना नव्हती. भिंतीपासून टोपीपर्यंत पसरलेल्या एकाच चित्रभाषेचा तो भाग होता. खुर्चीला खुर्ची म्हणणे आणि टेबलाला टेबल म्हणणे यामुळे मराठी ही अरबी किंवा इंग्रजी होत नाही, तसेच हे आहे.

‘शोभेसाठी काढले असतील, अर्थ कशाला शोधायचा?’

हा आक्षेप मला पहिल्यापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो, कारण संशोधकांना जिकडे तिकडे प्रतीके दिसतात हे खोटे नाही. शोभा असणारच. एवढी मेहनत दिसण्यासाठीच घेतात. परंतु शोभेचे काम हवे तिथे बसते, आणि हे प्राणी पुन्हा पुन्हा एकाच फळीवर, पायगतीला, ठरावीक निवडीनिशी येतात. आपल्या उंबरठ्यावरची रांगोळी सुंदर असते म्हणून ती उंबरठ्यावर का, हा प्रश्न गैरलागू ठरत नाही. शिवाय हातात सुरा घेतलेली देवता आणि लढाऊ माशी यांना निव्वळ नक्षी म्हणायला जरा धीर लागेल.

लाकूड गेले, मग फळी कळली कशी

सुदानच्या जमिनीत लाकडाचे दोन शत्रू असतात, कुजणे आणि वाळवी. त्यात मोठ्या कबरी प्राचीन काळीच चोरांनी उसकटलेल्या होत्या. त्यामुळे उत्खनन करणाऱ्याला पुष्कळदा अखंड पलंग मिळत नसे. मातीत पडलेले पांढरे प्राणी मिळत. लाकूड हळूहळू नाहीसे होत गेले तसे ते तुकडे आपल्या जागेजवळच खाली टेकले. भिंतीवरच्या तसबिरी काढून नेल्यावरही खिळे पाहून त्या कशा लावल्या होत्या ते सांगता येते, तसेच या तुकड्यांच्या ओळींवरून फळी पुन्हा उभी करता आली. बोस्टनच्या संग्रहालयात केर्माच्या पलंगाची जी पुनर्रचना आहे ती अशा नोंदींमुळेच शक्य झाली. ज्या रायझनर यांचा निष्कर्ष फसला त्यांच्याच वहीतल्या नोंदींनी पुढच्यांना तो निष्कर्ष दुरुस्त करता आला, हे मला त्यांच्याबद्दलचे सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र वाटते.

याची उलट बाजू लुटीच्या वेळी दिसते. नोंदीसकट असलेला जिराफ हा अमुक कबरीतला, अमुक पलंगाच्या पायगतीचा, तावेरेतच्या शेजारचा जिराफ असतो. नोंदीवाचून तो फक्त एक देखणा जुना जिराफ असतो. बोलीत त्याची किंमत उतरत नाही, मात्र त्याला विचारायचे सगळे प्रश्न संपतात. महाराष्ट्रात तेर आणि भोकरदन इथे मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्ती आठवून पाहा. १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी त्यांचे नाते जोडता आले, कारण त्या कुठे मिळाल्या हे आपल्याला माहीत आहे. त्याच मूर्ती एखाद्या दलालाच्या पेटीतून निघाल्या असत्या, तर सातवाहनकालीन दख्खनचा रोमशी असलेला व्यापार त्यांच्या तोंडून ऐकायला मिळाला नसता.

केर्माच्या बाबतीत सुदैव एवढेच की रायझनर यांच्या उत्खननातला मोठा वाटा तेव्हाच्या वाटणीच्या पद्धतीनुसार बोस्टनला गेला. परदेशी उत्खनकाला सापडलेल्या वस्तूंचा हिस्सा देणारी ती पद्धत आज अन्यायाची वाटते आणि ती तशी होतीही. तरीही खार्टुमची दालने रिकामी होत असताना त्या वाटणीमुळे काही जिराफ सुरक्षित राहिले, ही गोष्ट मान्य करताना घास थोडा अडकतो. सुदानने २००८ मध्ये खुद्द केर्मालाच संग्रहालय उघडले होते, जेणेकरून नाईलकाठच्या शेतकऱ्याच्या मुलाला आपल्या गावची वस्तू गावातच पाहता यावी.

पलंगाचे पुढे काय झाले

इ.स.पू. १५०० च्या सुमारास इजिप्तच्या पहिल्या थुतमोसने केर्मा जिंकले आणि पुढची काही शतके नुबियावर इजिप्तचे राज्य राहिले. नुबियाचे सरदार इजिप्शियन नावे घेऊ लागले, इजिप्शियन पद्धतीच्या कबरी बांधू लागले. मग चाके फिरली, आणि इ.स.पू. आठव्या शतकात नुबियाचा राजा पिये उत्तरेकडे निघाला व त्याने इजिप्त जिंकले. नुबियातल्याच अल-कुर्रू इथे तो पिरॅमिडखाली, अगदी फारोच्या थाटात पुरला गेला. त्याच्या दफनकक्षात मध्यभागी दगडी ओटा आहे आणि त्या ओट्याचे चारही कोपरे मुद्दाम कापलेले आहेत. त्या खाचांत पलंगाचे पाय बसत.

लाकडी चौकट आणि कातडी वादी किंवा दोरीची वीण असलेली खाट आजही सुदानमध्ये घरोघरी असते. तिला अंगरेब म्हणतात. लग्नात नवरानवरी तिच्यावर बसतात, दुपारी पाहुणा तिच्यावर लवंडतो, आणि घरात कोणी वारले की त्याला तिच्यावरच ठेवून कबरस्तानात नेतात. आता अंगरेब कबरीत उतरवत नाहीत. देह मातीत ठेवला की माणसे ती खाट खांद्यावर घेऊन घरी परततात.